एम.लिब.चं संख्याशास्त्र: सूत्रं राहू द्या, आधी देवघेवीच्या नोंदी मागा

प्रश्न असा आला आहे: “मी नेरूळला राहते. दूरशिक्षणाने एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) करते आणि ठाण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात अर्धवेळ काम करते. शाखा कला, गणित दहावीनंतर सुटलं. संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र या पेपरची धास्ती आहे. लघुप्रबंधाचा विषय ‘वाचनालयातील सेवांबाबत वाचकांचे समाधान’ असा जवळपास ठरला आहे. सूत्रं पाठ करायला कुठून सुरुवात करू? एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकावंच लागेल का? शंभर प्रश्नावल्या भरून घेतल्या तर पुरतील का?”

सूत्रं सध्या राहू द्या. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस बसलात तर ती होतात. या आठवड्यात वाचनालयाच्या देवघेवीच्या नोंदी मागून घ्या. कोहा किंवा ई-ग्रंथालय असं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर असेल, नाहीतर अजून रजिस्टरच चालू असेल, काहीही चालेल. गेल्या वर्षभराच्या नोंदी हव्यात, पण सभासदांची नावं, पत्ते, फोन वगळून. फक्त सभासद क्रमांक, आणि तोही बदलून. कोण काय वाचतं ही वाचकाची खासगी बाब आहे. परवानगीच्या अर्जात ही अट तुम्ही आपण होऊन घातलीत, तर कार्यकारिणीही फार आढेवेढे घेत नाही.

आधी नोंदी मागायला सांगतो, कारण आपल्या विषयात आकडे बाहेरून आणावे लागत नाहीत, ते रोज काउंटरवर तयार होतात. आपल्या शास्त्राचा पाया घालणारे रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते १९२४ साली मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले, आणि १९४८ साली इंग्लंडमधल्या अ‍ॅस्लिब या विशेष ग्रंथालयांच्या संघटनेच्या परिषदेत त्यांनी ‘लायब्रमेट्री’ची कल्पना मांडली. ग्रंथालयाच्या रोजच्या कामकाजाला संख्याशास्त्र लावा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त सगळ्यांना तोंडपाठ असतात, ही बाजू मात्र दोन ओळींत उरकली जाते. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा चौथा सिद्धान्तच घ्या. पुस्तक मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती मिनिटं गेली, हे मोजल्याशिवाय तो पाळला की नाही हे कसं कळणार?

नोंदी हातात आल्या की पहिलं काम अगदी साधं. प्रत्येक सभासदाने वर्षभरात किती पुस्तकं नेली ते मोजा आणि चढत्या क्रमाने लावा. समजा अकरा सभासदांचे आकडे असे आले: २, ३, ३, ४, ५, ६, ७, ९, १२, ४८, ८८. बेरीज १८७, सरासरी १७. वार्षिक अहवालात ‘दर सभासदामागे १७ पुस्तके’ असं छापलं की कार्यकारिणी खूश. पण आकड्यांकडे पुन्हा बघा. सतराच्या जवळपास एकही सभासद नाही. अकरांपैकी नऊ जण सरासरीच्या खाली आहेत. मध्यक, म्हणजे रांगेत मधोमध उभा असलेला सहावा आकडा, येतो ६. तुमचा नेहमीचा वाचक सहा पुस्तकं नेणारा आहे. सतरा हा आकडा त्या दोन अट्टल वाचकांनी वर ओढलेला आहे.

आता याच आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याचं माप, काढा. कॅल्क्युलेटर घेऊन, हाताने. एकदा तरी हाताने करा. नेरूळ-ठाणे लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तेवढ्या वेळात होतं. प्रत्येक आकड्यातून १७ वजा करायचे, आलेल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. बेरीज येते ७२४२. नमुना आहे म्हणून ती अकराऐवजी एक कमी, म्हणजे १० ने भागा आणि वर्गमूळ घ्या, उत्तर २७ च्या जरा खाली येतं. म्हणजे सरासरी १७ आणि विचलन तिच्याहून मोठं. सतरातून सत्तावीस गेले की उणे दहा. उणे दहा पुस्तकं तर कोणी नेत नाही. इतकं लक्षात आलं की पुस्तकातली घंटेच्या आकाराची ती वक्ररेषा, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना आकडे सारखेच पसरलेले, आपल्या देवघेवीला लागू नाही हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही. देवघेव बहुतेक ठिकाणी अशीच एका बाजूला कललेली असते. रिचर्ड ट्रूसवेल यांनी १९६९ साली अमेरिकी ग्रंथालयांच्या नोंदींवरून पुस्तकांबाबतही असंच दाखवलं होतं: साधारण ८० टक्के देवघेव २० टक्के संग्रहातून होते. पिट्सबर्ग विद्यापीठातला अ‍ॅलन केंट यांचा १९७९ चा अभ्यास तर ग्रंथपालांच्या चांगलाच जिव्हारी लागला, कारण १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती.

मग महिन्यांचा तक्ता करा, आणि इथे ठाण्याची माणसं म्हणून आपल्याला जे माहीत आहे ते वापरा. दिवाळीनंतर आकडा उसळलेला दिसेल. तो वाचनाची आवड अचानक वाढल्यामुळे नाही, तर दिवाळी अंकांच्या योजनेमुळे. वेगळी वर्गणी भरून लोक दोन-तीन दिवसांत अंक बदलतात. ते अंक पुस्तकांच्या देवघेवीत मिसळले तर पुढचं सगळं विश्लेषण फसतं. जुलैत लोकल बंद पडतात, काउंटर ओस पडतं. म्हणून जुलैची तुलना फेब्रुवारीशी करू नका, मागच्या जुलैशी करा. पुस्तकात याला हंगामी चढउतार म्हणतात, पण तो ओळखायला सूत्रापेक्षा गाव माहीत असावं लागतं.

नोंदीत काय नाही हेही इथेच बघा. आपल्याकडे अभ्यासिका सकाळपासून भरलेल्या असतात. कळवा, कोपरी, ऐरोली, घणसोली इथली एका खोलीच्या घरातली मुलं स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, आठ-दहा तास बसतात आणि एकही पुस्तक नेत नाहीत. देवघेवीच्या हिशेबात ती शून्य, वाचनालयाच्या उपयोगात कदाचित सगळ्यांच्या पुढे. म्हणजे ‘वाचनालयाचा वापर’ म्हणजे तुम्ही नेमकं काय मोजणार, हे आधी लिहून काढावं लागतं. त्याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. परीक्षेत तिला दोन गुण असतात, पण लघुप्रबंध उभा राहतो की कोसळतो ते तिच्यावर ठरतं.

आता शंभर प्रश्नावल्या. शंभर पुरतील का, हा प्रश्न नंतरचा. कोणते शंभर, हा आधीचा. रविवारी सकाळी काउंटरवर उभं राहून येईल त्याच्या हातात कागद दिला, तर तुम्हाला भेटणार ते रविवारी सकाळी येणारे, निवांत असलेले, तुम्हाला ओळखणारे आणि वाचनालय आवडणारे लोक. ज्यांचं वाचनालयाशी जमलं नाही ते केव्हाच यायचे थांबलेत. समाधानाचा अभ्यास असमाधानी माणसं वगळून केला, तर उत्तर काय येणार हे घरी बसूनही सांगता येतं. प्रश्नावलीची लिंक सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तरी तेच, फक्त ज्येष्ठ सभासदही गळतात. मी तपासलेल्या लघुप्रबंधांत ‘यादृच्छिक नमुना पद्धती वापरली’ (म्हणजे निवडलं जाण्याची प्रत्येकाला सारखी संधी होती) हे वाक्य हमखास असतं, आणि खाली प्रत्यक्षात जे भेटले ते घेतलेले असतात. सोयीचा नमुना घेतला असेल तर सरळ सोयीचा नमुना म्हणा. तो गुन्हा नाही. त्याला यादृच्छिक म्हणणं मात्र खोटं आहे, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न येतोच.

खरा यादृच्छिक नमुना तुमच्यासाठी तर सोपा आहे, कारण यादी तुमच्या टेबलाशेजारीच आहे. समजा वर्गणी चालू असलेले १२०० सभासद आहेत. एकूण किती जणांमागे किती जणांचा नमुना पुरतो हे सांगणारा क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० सालचा तक्ता सगळे गाईड (मार्गदर्शक प्राध्यापक) मानतात; त्यात १२०० ला २९१ हा आकडा आहे. म्हणजे साधारण दर चौथा सभासद. एक ते चारमधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा. तीन आला तर ३, ७, ११, १५ असं शेवटपर्यंत, एकूण तीनशे जण होतील. त्यांना फोन करा, घरी जा, पुस्तक बदलायला आले की गाठा. यादीत जे आहेत तेच घ्यायचे. एखादा भेटला नाही म्हणून शेजारी बसलेल्याचं मत टिपलं, की सगळं मुसळ केरात. तीनशेपैकी एकशेऐंशीच मिळाले तर तसं लिहा, आणि न मिळालेले कोणत्या वयाचे, किती वर्षांपासूनचे सभासद होते ते नोंदवहीतून काढून शेजारी ठेवा. हा एक तक्ता जोडलात तर परीक्षकाला तुमच्या कामाची जात कळते.

तक्त्यातली एक गंमत आवर्जून बघा. ५०० च्या समष्टीला, म्हणजे ज्यांच्यातून नमुना काढायचा त्या एकूण लोकांना, २१७ लागतात, १००० ला २७८, १०,००० ला ३७०, आणि दहा लाखांना ३८४. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबईची लोकसंख्या ११ लाखांच्या पुढे होती आणि ठाणे शहराची १८ लाखांच्या पुढे. दोन्हींना नमुना तेवढाच पुरतो. भाताचं एक शीत दाबून बघतो तेव्हा पातेलं केवढं आहे याने फरक पडत नाही. फरक पडतो तो भात नीट ढवळला होता का याने. शंभरच घेतलेत, तेही नीट निवडून, तर टक्केवारीत दोन्ही बाजूंना जवळजवळ दहा टक्क्यांची चूक धरावी लागेल. ‘६० टक्के समाधानी’ म्हणजे पन्नासही असतील, सत्तरही. आणि त्या शंभरांचे वयानुसार चार गट पाडलेत, तर पंचवीस-पंचवीसच्या प्रत्येक गटात ही चूक वीस टक्क्यांपर्यंत जाते. मग ‘तरुणांपेक्षा ज्येष्ठ अधिक समाधानी’ असलं वाक्य लिहायला हात धजायला नको.

प्रश्नांबद्दल. ‘वाचनालयातील सेवा व कर्मचारी यांबाबत आपण समाधानी आहात का?’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. शिवाय कागद देणारी कर्मचारीच समोर उभी आहे. आपल्याकडे तोंडावर ‘असमाधानी’ कोण म्हणतं? लोक ‘उत्तम’वर खूण करतात, चहा घेणार का विचारतात आणि जातात. ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशी लायकर्टची पाच पायऱ्यांची श्रेणी १९३२ पासून जगभर चालते, ती वापरा. पण ‘समाधानाची सरासरी ३.८७’ असं लिहिण्याआधी थांबा. ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांच्यातलं अंतर ‘तटस्थ’ आणि ‘सहमत’ यांच्यातल्या अंतराएवढंच असतं, असं कोणी मोजलेलं नाही. टक्केवारी द्या, मध्यक द्या, तेवढं पुरे. क्रॉनबाखचा अल्फा काढायला गाईड सांगतील, काढा. प्रश्न एकमेकांशी जुळतात का एवढंच तो सांगतो, लोक खरं बोलले का ते नाही.

त्यापेक्षा एक जुनी पद्धत मला फार कामाची वाटते. जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांच्या अभ्यासात ती विकसित केली आणि १९५४ साली सविस्तर मांडली. लक्षवेधी घटना तंत्र म्हणा तिला. समाधानी आहात का असं विचारायचंच नाही. विचारायचं: ‘गेल्या वेळी इथे कोणतं पुस्तक किंवा माहिती शोधत आला होतात? मिळाली का? नाही मिळाली तर पुढे काय केलंत?’ माणूस मत द्यायला लाजतो, पण घडलेलं सांगायला लाजत नाही. अशा वीस-पंचवीस मुलाखती नीट लिहून काढल्यात, तर शंभर खुणांच्या कागदांतून मिळणार नाही ते मिळतं: कपाटावरचा क्रमांक न समजल्याने परत गेलेला माणूस, संगणकावर शोधता न आल्याने विचारायलाच संकोचलेल्या आजी. दर वाक्याला टक्केवारी जोडली नाही म्हणून संशोधन कमी प्रतीचं होत नाही.

आता कसोट्या. एम.लिब.च्या पातळीवर काई वर्ग कसोटी एक नीट आली की निम्मा पेपर झाला, म्हणून ती एकदा पूर्ण सोडवून दाखवतो. समजा २०० सभासदांना विचारलं, वाचनालय रात्री उशिरापर्यंत चालू हवं का. १२० विद्यार्थ्यांपैकी ७८ हो म्हणाले, ४२ नाही. ८० इतरांपैकी ४० हो, ४० नाही. विद्यार्थ्यांत ६५ टक्के, इतरांत ५०. हा फरक खरा, की नमुन्याच्या नशिबाचा?

समजा गटाचा आणि मताचा काही संबंधच नाही. एकूण ११८ जण हो म्हणाले, म्हणजे ५९ टक्के. मग १२० विद्यार्थ्यांत ७०.८ जणांनी हो म्हणायला हवं होतं आणि ४९.२ जणांनी नाही. ८० इतरांत ४७.२ हो, ३२.८ नाही. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक चारही चौकटींत ७.२ आहे. त्याचा वर्ग ५१.८४. तो प्रत्येक चौकटीच्या अपेक्षित आकड्याने भागून चारही भागाकार मिळवले की ४.४६ येतात. दोन बाय दोनच्या तक्त्याला पाच टक्के पातळीवर ३.८४ ही मर्यादा आहे, म्हणजे संबंध नसताना ती शंभरातून साधारण पाच वेळाच ओलांडली जाते. आपला आकडा तिच्या पुढे, म्हणून शून्य परिकल्पना, म्हणजे ‘काही संबंध नाही’ हे गृहीतक, नाकारायची. एवढीच कसोटी. १९०० साली कार्ल पिअर्सन यांनी दिली, आणि मोजायला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार पुरतात. फक्त कुठल्याही चौकटीत अपेक्षित आकडा पाचाच्या खाली गेला तर ती वापरू नका.

पुढची पायरी बहुतेक जण सोडून देतात. दोन बाय दोनच्या तक्त्याला येट्सची दुरुस्ती लावा असं काही परीक्षक म्हणतात. ती लावली, म्हणजे ७.२ च्या जागी ६.७ धरले, की उत्तर येतं ३.८७. मर्यादा ओलांडली, पण कडेकडेने. म्हणजे ‘सिद्ध झाले’ असं ठोकून द्यायला ही जागा नाही. निष्कर्षात दोन्ही टक्केवाऱ्या द्या, पंधरा टक्क्यांचा फरक दिसतो पण पुरावा फार भक्कम नाही असं लिहा आणि पुढे जा. ‘पी’ची किंमत ०.०५ च्या खाली आली म्हणजे फरक मोठा आहे किंवा महत्त्वाचा आहे, असा अर्थ होत नाही. काहीच फरक नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर व्हायवा तुमचा.

टी कसोटी दोन गटांच्या सरासरींसाठी. गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीतल्या गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती दिली, लहान नमुन्यांसाठी. पण वर पाहिलं तशी कललेली देवघेव असेल तर तिथे मध्यक आणि क्रमांकांवर चालणाऱ्या कसोट्या बऱ्या. सहसंबंधाचंही, म्हणजे दोन गोष्टी एकत्र वाढतात-घटतात का हे पाहण्याचंही, तसंच; क्रमांकांवरून काढलेला स्पिअरमनचा गुणक बघा. आणि जास्त येणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळतात असं दिसलं तर ‘वाचनालयामुळे गुण वाढले’ लिहू नका. अभ्यास करणारीच मुलं वाचनालयात येतात.

दुय्यम आकडे वापराल तेव्हा ते कशासाठी गोळा झाले ते पाहा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. वार्षिक अहवालातली ग्रंथसंख्या आणि वाचकसंख्या त्या हिशेबासाठी मोजलेली असते, तुमच्या संशोधनासाठी नाही. जिल्ह्याची तुलना करताना तर आणखी सावध. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांचा, त्यात वसई-विरार ते जव्हार सगळं आलं. त्या लोकसंख्येने आजच्या ठाणे जिल्ह्यातली वाचनालयं भागली की दर लाखामागचं प्रमाण उगाच घसरलेलं दिसतं.

प्रश्नावली नकोच वाटली तर ग्रंथमिती, म्हणजे लेख, पुस्तकं आणि संदर्भ मोजून केलेला अभ्यास, आहे. ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली उपयोजित भूभौतिकीचे १३३२ लेख मोजले. ४२९ लेख नुसत्या ९ नियतकालिकांत होते, पुढचे ४९९ लेख ५९ नियतकालिकांत, आणि उरलेल्या ४०४ लेखांसाठी २५८ नियतकालिकं धुंडाळावी लागली. दर टप्प्याला साधारण तेवढ्याच लेखांसाठी चार ते साडेसहा पट नियतकालिकं. तुमच्या विद्यापीठाचे शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध घेऊन त्यांच्या संदर्भसूचीवर हाच खेळ करता येतो, कोणाच्याही दारात न जाता. इतिहासाकडे ओढा असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे; ऐतिहासिक पद्धतीने काम करायला घराजवळ याहून चांगली जागा मिळणं अवघड.

एसपीएसएस विकत घ्यायची गरज नाही. एक्सेल किंवा लिबरऑफिसमधलं पिव्हट टेबल (नोंदींची गटवार मोजणी करणारी सोय) नीट आलं की तुमचं बहुतेक काम होतं. कसोट्यांसाठी जामोवी किंवा जास्प हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गाईडना एसपीएसएससारखाच पडदा हवा असेल तर पीएसपीपी. वाचायला इग्नू या मुक्त विद्यापीठाचं ईज्ञानकोश संकेतस्थळावरचं साहित्य आणि स्वयमवरचे अभ्यासक्रम भरपूर आहेत. मात्र काई वर्ग आणि प्रमाण विचलन हाताने सोडवल्याशिवाय बटण दाबू नका. चुकीचे आकडे घातले तरी संगणक निमूटपणे उत्तर देतो.

विषयाचं म्हणाल तर मी तो बदलायला सांगेन. ‘वाचकांचे समाधान’वर कपाटं भरतील इतके लघुप्रबंध झाले आहेत, आणि सगळ्यांत वाचक समाधानीच आहेत. त्याऐवजी असं काही घ्या: ‘गेल्या पाच वर्षांत दाखल झालेल्या मराठी पुस्तकांची देवघेव’. दाखल नोंदवही आणि देवघेवीच्या नोंदी एकमेकांशी जोडायच्या. किती पुस्तकं एकदाही बाहेर गेली नाहीत, कथा-कादंबरी, चरित्र, अनुवाद यांत फरक आहे का, वाचकांच्या मागणीवरून घेतलेली पुस्तकं समितीने निवडलेल्यांपेक्षा जास्त फिरली का. शेवटच्या प्रश्नाला काई वर्ग कसोटी आयती लागते. पिट्सबर्गच्या अभ्यासाशी ताडून बघायची सोय आहे, आणि वाचनालयालाही पुढच्या खरेदीत उपयोग होतो. सोबतीला दहा-बारा वाचकांच्या घटना-मुलाखती घेतल्यात की गुणात्मक बाजूही आली.

गाईडकडे जाताना प्रस्तावनेची पानं नेऊ नका. पाच-सहा कोरे तक्ते आखून न्या: शीर्षक लिहिलेलं, रकान्यांना नावं दिलेली, आकड्यांच्या जागा रिकाम्या. कुठला तक्ता कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो ते त्याच्याखाली एका ओळीत लिहा. ज्या तक्त्याखाली ती ओळ सुचत नाही, त्यासाठीची माहिती गोळा करायची गरज नाही. आणि नोंदी उतरवून घेताना दिवाळी अंकांसाठी पहिल्या दिवसापासून वेगळा रकाना ठेवा, नंतर ते निवडत बसणं फार जिकिरीचं होतं.